अहवालावरील एकमेव नाव : जॉन फॉन नॉयमन

नवी दिल्ली, 8 फेब्रुवारी : अभियांत्रिकीच्या संगणक शाखेतील विद्यार्थ्यांना ‘संगणक संघटन आणि रचना’ हा विषय शिकताना अगदी सुरुवातीलाच पाच चौकोनांची एक आकृती भेटते. माहिती आत घेणारा भाग, बाहेर देणारा भाग, अंकगणित विभाग, नियंत्रण विभाग आणि मेमरी. या रचनेला ज्यांचे नाव मिळाले ते गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन, म्हणजेच आपल्याकडील वर्गांतील रूढ उच्चारानुसार व्हॉन न्यूमन, यांचे 8 फेब्रुवारी 1957 रोजी निधन झाले. ही आकृती परीक्षेत हमखास विचारली जाते. तिच्या नावामागचा वाद मात्र क्वचितच शिकवला जातो.

फॉन नॉयमन यांचा जन्म 28 डिसेंबर 1903 रोजी बुडापेस्टमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँक व्यवसायात होते. गणितावर मुलाचे पोट भरणार नाही अशी त्यांना धास्ती होती. त्यामुळे तडजोड म्हणून मुलाने झुरिच येथे रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि त्याच वेळी बुडापेस्ट विद्यापीठात गणिताचाही अभ्यास चालू ठेवला. 1926 मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि गणितातील डॉक्टरेट असे दोन्ही त्यांच्या हाती आले. पुढे त्यांनी गटिंगेन येथे डेव्हिड हिल्बर्ट यांच्या सान्निध्यात काम केले आणि पुंजयामिकीला गणिताचा भक्कम पाया दिला. 1930 मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. 1933 पासून ते तेथील प्रगत अध्ययन संस्थेत आइन्स्टाइन यांचे सहकारी प्राध्यापक होते.

युद्धकाळात ते लॉस अलामॉस येथील अणुबॉम्ब प्रकल्पाचे सल्लागार झाले. प्लुटोनियमचा गोळा स्फोटकांच्या दाबाने आतल्या बाजूस चिरडण्याच्या तंत्राचे गणित सोडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. जपानमधील लक्ष्ये सुचविणाऱ्या समितीतही ते बसले होते. त्यांच्या चरित्रातील हा भाग वगळून संगणकाकडे येता येत नाही, कारण वेगवान आकडेमोडीची त्यांची निकड तेथूनच निर्माण झाली होती.

1944 च्या उन्हाळ्यात अ‍ॅबर्डीन रेल्वे स्थानकाच्या फलाटावर गणितज्ञ-लष्करी अधिकारी हर्मन गोल्डस्टाइन यांची त्यांच्याशी गाठ पडली. फिलाडेल्फियातील मूर स्कूलमध्ये एनियॅक नावाचे इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र उभारले जात असल्याचे त्यांना या भेटीत समजले. जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट हे त्या यंत्राचे शिल्पकार होते. सुमारे 18,000 निर्वात नलिकांचे हे यंत्र आकडेमोड झपाट्याने करी. परंतु नवे गणित द्यायचे म्हटले की तारा आणि खटके नव्याने जुळवण्यात दिवसचे दिवस जात. गणना वेगवान होती, मांडणी मात्र संथ होती.

यावर उपाय म्हणजे आज्ञाही आकड्यांप्रमाणेच मेमरीत साठवायच्या. एडव्हॅक या पुढील यंत्रासाठी मूर स्कूलमध्ये याच दिशेने चर्चा चालू होती. पाऱ्याच्या नळीत ध्वनिलहरींच्या रूपाने माहिती साठवण्याची एकर्ट यांची कल्पनाही त्या आराखड्यात होती. फॉन नॉयमन यांनी या साऱ्याला तर्कशुद्ध रूप दिले. नलिका व तारा बाजूला ठेवून, यंत्राच्या प्रत्येक भागाचे कार्य काय, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. त्यांनी हाताने लिहिलेला मजकूर गोल्डस्टाइन यांनी टंकलिखित करून घेतला आणि 30 जून 1945 ही तारीख असलेला 101 पानांचा अहवाल वाटला गेला. मुखपृष्ठावर नाव एकच होते, फॉन नॉयमन यांचे. एकर्ट आणि मॉकली यांच्या नावांना तेथे जागा मिळाली नाही.

तो एक कच्चा मसुदा होता, हे खरे. पण तो सर्वदूर पोहोचला आणि कल्पनेला चिकटलेले नाव कायम राहिले. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांना 1946 मध्ये तो एका रात्रीपुरताच वाचायला मिळाला. छायाप्रतीची सोय नसल्याने त्यांनी रात्री उशिरापर्यंत जागून तो संपवला आणि पुढे 1949 मध्ये एडसॅक हा संगणक चालू केला. दुसरीकडे, 1973 मध्ये अमेरिकी न्यायालयाने एनियॅकचे पेटंट रद्द ठरवले, तेव्हा दिलेल्या कारणांपैकी एक हा अहवालच होता. पेटंटच्या अर्जाआधी वर्षाहून अधिक काळ तो प्रसिद्ध झाला होता. एकर्ट आणि मॉकली यांच्या वाट्याला श्रेय आले नाही आणि पेटंटही गेले. फॉन नॉयमन यांनी जाणूनबुजून हे केले असे म्हणण्यास आधार नाही; मात्र ही चूक दुरुस्त करण्याची तत्परताही त्यांनी दाखवली नाही.

प्रिन्स्टनमध्ये त्यांनी स्वतःचा संगणक उभारला. 40 बिटांचे 1,024 शब्द सामावणारी मेमरी आणि एका शब्दात दोन आज्ञा, अशी त्याची ठेवण होती. त्याविषयीचे अहवाल अनेक संस्थांना पाठविण्यात आले आणि ठिकठिकाणी त्या आराखड्याची भावंडे जन्मली. आज्ञा आणि माहिती एकाच वाटेने ये-जा करत असल्याने प्रक्रियकाला ताटकळावे लागते, हा या रचनेतील उणेपणा. जॉन बॅकस यांनी 1977 मध्ये त्याला फॉन नॉयमन यांचेच नाव दिले. विद्यार्थी ज्या कॅश मेमरीवर अख्खे प्रकरण वाचतात, ती मुख्यतः हाच खोळंबा कमी करण्यासाठी असते.

1955 मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांना कर्करोग असल्याचे निदान झाले. संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी येल विद्यापीठातील व्याख्याने ते देऊ शकले नाहीत. अपुरे हस्तलिखित त्यांच्या मृत्यूनंतर 1958 मध्ये पुस्तकरूपाने निघाले.

त्यांच्या प्रिन्स्टन यंत्राच्या आराखड्याची एक शाखा मुंबईतही पोहोचली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली 1956 मध्ये प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि 1960 मध्ये पूर्ण आकाराचा संगणक कार्यान्वित झाला. त्याचेही शब्द 40 बिटांचेच होते, मेमरी मात्र 2,048 शब्दांची होती. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. तो 1965 पर्यंत वापरात होता.