वर्षभर उघडे दार : रे. नारायण वामन टिळक ह्यांचे घर व आपला नाताळ

नाताळाचा सण सरला म्हणजे आपल्या मंडळ्यांत एक ठरीव गोष्ट घडते. दारावरचा चांदणीचा कंदील उतरून माळ्यावर जातो, टाळमृदंग खुंटीस लागतात, करंज्यांचे डबे धुऊन पालथे पडतात, आणि ज्या शेजाऱ्याकडे पंचवीस तारखेस आपण फराळाचे ताट घेऊन गेलो, त्याच्याशी नळाच्या पाण्यावरून जानेवारीतच बोलाचाली सुरू होते. पुढे अकरा महिने नाताळ माळ्यावरच राहतो. डिसेंबर आला की मग घाई : भिंतीस चुना, मुलांस कपडे, उपदेशकाच्या मागे गाण्यांची तालीम. ह्या तयारीस कोणी वाईट म्हणणार नाही. परंतु बेथलेहेमात त्या रात्री उणीव कंदिलाची नव्हती, जागेची होती. प्रवासाने शिणलेल्या एका बाईस उतारशाळेत ओसरी मिळाली नाही, एवढ्यावरून सर्व कथा सुरू होते. तेव्हा ज्यास नाताळ वर्षभर पाळावयाचा आहे, त्याने आपल्या घरात जागा करावयास शिकावे. हे शिक्षण एका घराने कसे घेतले व त्यास त्याची किंमत काय पडली, ते आज सांगावयाचे आहे. ते घर रे. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे. त्यांची भजने आपल्या सर्वांस पाठ आहेत. घराची हकिकत मात्र थोड्यांस ठाऊक असते.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. कल्याण ते बदलापूर ह्या पट्ट्यातील आपल्या वाचकांस विशेष वाटेल ते हे, की त्यांच्या शिक्षणाचा ओनामा कल्याणास झाला. इ. स. १८६९ पासून सुमारे चार वर्षे हा मुलगा कल्याणच्या शाळेत जात होता. आगगाडी तेथे १८५४ मध्येच आली होती आणि दोनच वर्षांनी ती बदलापुरावरून घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली होती. उल्हास नदी तीच, अंबरनाथाचे शिलाहारकालीन देऊळ तेच. उल्हासनगराचे मात्र तेव्हा नावही नव्हते. वय अकराच्या सुमारास आई जानकीबाई वारल्या. वडिलांचा स्वभाव कडक, आणि ह्या मुलावर त्यांची मर्जी कधी बसली नाही. आई गेल्यावर त्यास घर असे उरलेच नाही. पुढे जन्मभर ज्याने आपले दार लोटले नाही, त्याचे स्वतःचे बालपण असे दारोदार गेले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. नाशकास गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी संस्कृत काव्याचे अध्ययन, मग थोडे इंग्रजी, आणि परीक्षा पुरी न करताच पोटासाठी शिक्षकी, असा पुढील क्रम झाला.

इ. स. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. वय अवघे अकरा. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. ह्या मुलीचे माहेर कसे होते, ते सांगितल्यावाचून पुढील गोष्टीचा अर्थ लागणार नाही. १८५७ च्या धामधुमीत घरातल्या एका वडीलधाऱ्या आप्तास फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात विटाळाची अशी धास्ती बसली की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावी लागे. धान्य तर धूतच, परंतु मीठ आणि साखरही पाण्याखाली जात! मीठ धुतल्यावर काय उरते, हे गृहिणींस सांगावयास नको. ज्या घरात मिठासही सोवळे लागे, तेथे परक्या माणसास जागा कोठून असणार?

टिळकांची वृत्ती अगदी उलट, आणि तीही निर्दोष नव्हे. हाती पैसा आला की तो त्यांच्या मुठीत टिकत नसे. बाजारात जिन्नस आणावयास जावे आणि वाटेत कोणी गरजवंत भेटला म्हणजे रिकाम्या पिशवीनिशी परतावे, हा त्यांचा परिपाठ. त्यात स्वभाव तापट. आज येथे नोकरी तर उद्या तेथे. घरात चूल पेटवावयाची कशी, हा प्रश्न पत्नीच्या वाट्यास येई. चरित्रकार बहुधा ह्या औदार्याचे कौतुक करून पुढे जातात. माझे मत थोडे निराळे आहे. पतीने दान करावे आणि उपास पत्नीने काढावा, ह्या दानाचे निम्मे पुण्य तरी पत्नीच्या नावे लिहिले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी पुढे ह्या सर्व फजित्या हसत हसत लिहून ठेवल्या, म्हणून आपणही हसतो. प्रत्यक्ष सोसताना त्या किती हसल्या असतील, कोण जाणे.

नागपुरास टिळकांनी ग्रंथांचे काम केले व ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले. तेथून १८९३ मध्ये राजनांदगावाकडे जात असता आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे काव्याचे निघाले, मग धर्माचे. आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराचे एक पुस्तक हाती दिले. डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन टिळक थबकले. येथे आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. त्या डब्यात एका अनोळखी माणसाने दुसऱ्यास शेजारी बसवून घेतले व तुच्छता न दाखविता त्याचे ऐकून घेतले. तेथे ना सण होता, ना सभा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्याने त्यांस मंडळी मिळाली, पण घर मोडले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन नातलगांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरास. ही ताटातूट काही वर्षे चालली. ह्या काळात टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. पत्रे लिहीत, पैसे धाडीत, वाट पाहत. जबरदस्ती त्यांनी केली नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरास आल्या तेव्हाही त्यांनी आपली चूल वेगळी मांडली. एकाच संसारात दोन चुली, दोन पाणवठे! बाहेरच्या लोकांस हा विनोद वाटला असेल. परंतु पतीने पत्नीच्या सोवळ्यासही घरात जागा करून दिली, ही साधी गोष्ट नव्हे. आपल्या मंडळ्यांत एखाद्या घरी पती विश्वासी व पत्नी अजून जुन्या वाटेने जाणारी, किंवा उलट, असे आजही असते. अशा ठिकाणी आपण किती घाई करतो, आणि त्या घाईने किती घरे कडू होतात!

मग राहुरीस ते घडले. लक्ष्मीबाई आपल्याशीच विचार करीत असता त्यांस दिसले की उच्चनीचपणा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे. झाले, त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, हा निश्चय त्यांनी केला व पाळला. लक्षात घ्या, हे बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. जात त्यापूर्वीच गेली होती. आपल्यांत क्रम पुष्कळदा उलटा दिसतो. बाप्तिस्म्यास दोन-तीन पिढ्या होतात, आणि तरी सोयरीक जुळविताना व पंगतीत बसताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. नाताळाच्या प्रीतिभोजनात एका पंगतीस बसणारे आपण फेब्रुवारीतल्या लग्नात वेगळे का बसतो, हा प्रश्न कोणा उपदेशकाने आपल्या मंडळीत एकदा उघड विचारावा. विचारणाऱ्यास लोकांचा रोष सोसावा लागेल, हेही येथेच सांगून ठेवतो.

तो काळ दुष्काळाचा होता. १८९९-१९०० चा छप्पन्नाचा दुष्काळ नगर जिल्ह्याने भोगला. मिशनने अनाथ मुलांस शेकड्यांनी आसरा दिला. टिळकांच्या घरीही परकी मुले आली आणि घरची झाली. जी बाई एके काळी दुसऱ्याच्या सावलीस जपत होती, तीच आता कोणाची कोण अशा पोरांस न्हाऊमाखू घालू लागली. मुले आजारी पडत, भांडत, चोऱ्याही करीत. पाहुणा दोन दिवस बरा. वर्षानुवर्षे राहणाऱ्यास जागा देणे हे काम निराळेच. पुढे नगरच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण राहून गेला. मराठी कवितेस तो बालकवी म्हणून माहीत आहे. त्यास कोणी धर्मांतराची अट घातली नाही, व त्याने धर्मांतर केलेही नाही. तो त्या घरचा मुलगा होता. १९१८ मध्ये आगगाडीच्या अपघातात तो गेला, तेव्हा त्या घराचा एक मुलगाच गेला.

अशा सेवेस डिसेंबर लागत नाही, हे बदलापूरकरांस परक्याकडून ऐकावे लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान पाण्यात उभी राहिली. हजारभर प्रवाशांस बचावपथकांनी नावांतून काढले. आसपासच्या गावकऱ्यांनी चहा, बिस्किटे, हाताशी होते ते नेऊन दिले. चिखलातून वर आलेल्यास कोणी जातधर्म विचारला नाही.

असो. टिळकांकडे परत येऊ. १९०४ मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू त्यांनी सांभाळली. त्यांचे मोठे दान म्हणजे गाणी. त्यांच्या आधी कृष्णरत्न सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केलेच होते. तरी पुष्कळ मंडळ्यांत विलायती चालींवर ओढून बसविलेले मराठी शब्द गात असत, व ते खेड्यातल्या बाईच्या ओठी बसत नसत. टिळकांनी अभंग, ओवी, पद ह्यांत ख्रिस्तास आणले. त्यास माउली म्हटले, गुरू म्हटले. जागा करणे ते हेच, फक्त ह्या वेळी भाषेत. जो अभंग जात्यावर व मोटेवर म्हणता येतो, तो माळ्यावर ठेवावा लागत नाही. आमच्या भजनी मंडळ्यांनी नाताळाची तालीम नोव्हेंबरात सुरू करण्याऐवजी दर आठवड्यास एका घरी, विशेषतः ज्या घरी दुखणेकरी आहे तेथे, दोन अभंग म्हटले, तर गळाही तयार राहील आणि ते घरही.

इ. स. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी व पगार सोडला व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही बसावयास जागा होती. पुष्कळ मिशनरी व देशी पाळकही ह्यावर नाराज झाले. मंडळीची कुंपणे मोडतील, ही त्यांची भीती अगदी निराधार होती असे मी म्हणणार नाही. ह्या प्रयोगास पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे देहावसान झाले.

त्यांच्यामागे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ख्रिस्ताच्या चरित्राचे हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी दहा-अकरा अध्यायांपर्यंत आणले होते. लक्ष्मीबाईंचे शाळेतले शिक्षण जवळजवळ नाहीच. तरी त्यांनी लेखणी हाती घेतली आणि साठांहून अधिक अध्याय लिहून ते पुरे केले. मधली काही वर्षे त्या मुलाकडे कराचीस होत्या. त्याच कराचीतून व सिंधच्या इतर गावांतून १९४७ नंतर बेघर झालेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीत पडदे लावून एकेका खोलीत दोन-दोन घरे राहिली. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून निघाले.

त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली व आजही छापील मिळतात. भाषा घरगुती आहे, ऐकणारास कोठे अडत नाही. ज्या मंडळीत वाचता येणारे थोडे, तेथे उपदेशकाने आठवड्यास एक रात्र ठरवून ती वाचून दाखवावीत. जूनमध्ये, पेरण्या उरकल्यावर आरंभ केला, तर नाताळापर्यंत वाचन सहज पुरे होते. बैठक दर वेळी निराळ्या घरी ठेवावी, आणि पहिली अशा घरी, जेथे मंडळीतले लोक आजवर पाणी प्यालेले नाहीत.