राजाच्या नावाने

कै. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने लिहिणारे कवी म्हणून रसिक त्यांना ओळखत. परंतु त्यांचे नाव चिरंतन केले ते पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाने.

१९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. जुने वाडे पडत होते, तांब्यापितळेची भांडी मोडीत निघत होती. इतिहासप्रेमी मंडळी तलवारी, नाणी आणि कागदपत्रे जपत. दिनकररावांची दृष्टी विशेषत्वाने माजघराकडे व देवघराकडे वळली. समया, अडकित्ते, वज्र्‍या, फण्या, कुलपे, दौती, कोरीव दरवाजे, वाद्ये यांसाठी ते गावोगाव हिंडले. ज्या कारागिरांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, त्यांचे कौशल्य या वस्तूंतून टिकले. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभारले. या साऱ्या खटाटोपात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती.

राजा हा त्यांचा पुत्र. तो बालवयातच निवर्तला. ज्याच्यासाठी वारसा ठेवायचा तोच उरला नाही, तेव्हा पित्याने अवघा संग्रह त्याच्या नावे केला आणि वारसदार म्हणून समाजाला निवडले. खासगी संग्रह पुढील पिढ्यांच्या वाटण्यांत पांगतात. ते टाळण्यासाठी दिनकररावांनी हयातीतच मालकी सोडून संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. संग्रह अखंड राहिला.

आज तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. प्रेक्षकांपुढे मांडलेल्या सुमारे अडीच हजार. उरलेल्या भांडारात असतात. कोणत्याही संग्रहालयाचे मोठे काम असे पडद्याआडच चालते: वस्तूची नोंद करणे, तिला क्रमांक देणे, ओल व कसर यांपासून तिला जपणे. नोंद हरवली की वस्तू मुकी होते.

रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय, ज्याचा आरंभ १८७५ चा, हेच व्रत आपल्या छत्तीसगडात चालवीत आहे. दुर्ग-भिलाई परिसरात स्थिरावलेल्या मराठी घरांतही एखादा अडकित्ता, एखादी समया माळ्यावर असेल. ती कोणाची, कोठून आली, हे सांगणारी आजी घरात आहे तोवर तिच्याकडून ते लिहून घ्यावे. दिनकररावांच्या आयुष्याचा हाच बोध आहे.