डॉ. भाऊ दाजी लाड

डॉ. भाऊ दाजी यांचा जन्म गोव्यांतील मांद्रें गांवीं सन १८२२ त गरीब घराण्यांत झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून सन १८५१ त पहिली तुकडी उत्तीर्ण झाली, तींत ते होते. गरिबांस ते मोफत औषध देत.

सन १८५२ त बाँबे असोसिएशन निघाली. भाऊ तिचे एक चिटणीस झाले. लोकांचीं गाऱ्हाणीं अर्जानें विलायतेच्या पार्लमेंटापुढें मांडण्याच्या कामीं ते झटले. मुलींच्या शिक्षणासही त्यांनीं हात दिला.

सन १८६५ त शेअरांचे भाव कोसळून त्यांची संपत्ति बुडाली. पण सेवा थांबली नाहीं. सन १८६९ व १८७१ त ते मुंबईचे शेरीफ झाले. इतका मान मिळूनही महारोग्यांकडे त्यांनीं पाठ फिरविली नाहीं; कडू कवठाच्या तेलानें ते त्यांवर उपचार करीत. आज महारोग निराळ्या औषधांनीं बरा होतो. परंतु महारोग्याविषयींची किळस अजून गेली नाहीं. ३१ मे १८७४ रोजीं ते वारले.

बंधूंनो, ते ख्रिस्ती नव्हते. महारोग्यास स्पर्श करणाऱ्या प्रभूचें नांव तर आपण धारण केलें आहे. मग आपल्या गांवांतील रोग्याच्या दारीं कोण जाईल? निरक्षर शेजाऱ्याचा अर्ज कोण लिहील?