फादर थॉमस स्टीफन्स : देवाची इच्छा आणि मनुष्याचे आकलन

परमेश्वर बदलत नाही. त्याची इच्छा काल एक व आज दुसरी असे होत नाही, ही आपली श्रद्धा आहे. मग त्या इच्छेचे मनुष्यास होणारे ज्ञान तरी काळानुसार वाढू शकते काय? हा प्रश्न पुष्कळ भाविकांच्या मनास टोचतो. ख्रिस्तसभेने पूर्वी केलेल्या किंवा सोसून घेतलेल्या काही गोष्टी ती आज करीत नाही. हे पाहून कित्येकांस वाटते की, एक तर पूर्वीचे लोक चुकले, नाही तर आताचे चुकत आहेत. ज्युबिलीच्या या शुभप्रसंगी सेमाडोहच्या वाचकांपुढे या प्रश्नाचा विचार एका थोर धर्मगुरूच्या चरित्राच्या आधारे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या त्या राज्यात कथोलिक धर्माचे आचरण करणे मोठे संकटाचे होते. थॉमस पाउंड नावाच्या त्यांच्या स्नेह्यास धर्मनिष्ठेपायी कित्येक वर्षे तुरुंगात काढावी लागली. स्टीफन्स देश सोडून रोमला गेले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बनचा किनारा सोडला आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी प्रांतात धर्मसेवा केली.

राज्यसत्तेने मनुष्याच्या सदसद्विवेकावर बळजबरी केली म्हणजे काय होते, हे त्यांनी मायदेशी पाहिले होते. ज्या भूमीत ते आले, तेथेही सत्ता धर्माच्या नावाने बळ वापरीत होती. साष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी पाडली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे क्षुब्ध ग्रामस्थांनी फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार संघबंधू यांस ठार मारले. त्यांचे देह परत मिळविण्याचे दुःखद कार्य स्टीफन्स यांच्या वाट्यास आले. पुढे गावच्या पुढाऱ्यांस असोळणे येथील किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांचा वध केला. त्या पाच धर्मवीरांस ख्रिस्तसभेने १८९३ साली धन्य म्हणून घोषित केले, व ते योग्यच झाले. तथापि विश्वासाने बोलावून मारलेल्या त्या पुढाऱ्यांसाठीही आम्हांस आज शोक वाटतो. हे झाकून चरित्र लिहिणे म्हणजे सत्यस्वरूप देवास भिऊन दूर पळणे होय. या बाबतीत स्टीफन्स आपल्या काळाच्या पुढे गेले होते, असा दावा आम्ही करीत नाही.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र त्यांची दृष्टी फार दूरवर पोहोचली होती. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती, आणि त्यांच्या जागी गावयास व ऐकावयास स्वभाषेत काही नव्हते. ही उणीव स्टीफन्स यांनी ओळखली. इंग्लंडात जन्मलेल्या या पुरुषाने मराठी व कोंकणी या भाषा आत्मसात केल्या आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. देवनागरी खिळे नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरण्यास त्यांना संकोच वाटला नाही. १६१९ साली ते निवर्तले.

या ग्रंथाच्या रचनेतच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. देवाने मानवजातीस एका दिवसात सर्व शिकविले नाही. बाप लेकरास चालवितो तसे त्याने तिला पायरीपायरीने चालविले. ख्रिस्तामध्ये देवाचे प्रकटीकरण पूर्ण झाले. त्यात आता भर पडावयाची नाही. परंतु आपले आकलन पूर्ण झाले असे कोणी म्हणावे? प्रभूच्या सहवासात राहिलेल्या पेत्रालाही, परराष्ट्रीय कर्नेल्याचे घर अपवित्र नाही, हे पुनरुत्थानानंतरच उमगले.

मात्र ही वाढ सरळ रेषेत होत नाही. स्टीफन्स यांस जे दिसले होते, ते पुढच्यांनी गमावले. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषा टाकण्यास लोकांस तीन वर्षांची मुदत दिली. लोकभाषांना पवित्र मिस्सामध्ये विस्तृत स्थान देण्याचा निर्णय दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली घेतला. त्याच महासभेने १९६५ साली धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये असे घोषित केले; आणि प्रेषितांपासून लाभलेल्या सत्याचे आकलन ख्रिस्तसभेत वाढत जाते, हेही त्याच वर्षी सांगितले. पुण्याहून ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी आवृत्ती निघाली तीही १९५६ साली, म्हणजे ३४० वर्षांनी.

मग खरी वाढ कोणती व भ्रष्टता कोणती, हे कसे ओळखावे? पाचव्या शतकातील लेरँचे संत व्हिन्सेंट यांनी वाढत्या देहाचा दृष्टांत दिला आहे. मेळघाटात आपण सागाचा दृष्टांत घेऊ. रोपट्याचा वृक्ष होतो, पण सागाचा आंबा होत नाही. जी समज आपणांस ख्रिस्ताच्या प्रीतीत अधिक खोल नेते, ती वाढ. जी त्याच्यापासून दूर नेते, ती वाढ नव्हे.

शेवटी एक गोष्ट आम्ही स्वतःस विचारीत आहोत, ती वाचकांनीही विचारावी. सिपना नदीच्या खोऱ्यातील आपले कोरकू बांधव घरात ज्या भाषेत आईस हाक मारतात, ती मराठी नव्हे. आम्ही मात्र त्यांस बहुधा मराठीतच उपदेश करितो आणि त्यांनी मान डोलविली की समजले असे मानतो. साष्टीत एका परदेशी धर्मगुरूस जे कळले, ते चारशे वर्षांनंतर आम्हांस कळू नये काय? पूर्वजांचे दोष आपणांस दिसतात. आपले दोष आपल्या नातवंडांस दिसतील. त्यांनी ते क्षमाबुद्धीने पाहावे, आणि तोवर जेवढे दिसते तेवढे करण्याचे धैर्य प्रभूने आपणांस द्यावे, हीच या ज्युबिलीच्या दिवशी आमची प्रार्थना आहे.