गर्दीत एकटे पडलेले इमाम गझाली

इस्लामी इतिहासात ज्यांना ‘हुज्जतुल इस्लाम’ म्हणजे इस्लामचा पुरावा ही उपाधी मिळाली, ते इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली. त्यांच्या विद्वत्तेचे दाखले रमजानच्या बयानांतून नेहमी दिले जातात. पण वयाच्या ३७व्या वर्षी हा थोर आलिम मनाने इतका खचला होता की त्यांची वाचा बंद झाली होती, हे फारसे सांगितले जात नाही. विशेष म्हणजे ही हकिकत त्यांनी स्वतःच ‘अल-मुनकिज’ या ग्रंथात लिहून ठेवली आहे.

इमाम गझाली यांचा जन्म १०५८ मध्ये खुरासानातील तूस या शहरी झाला. वडील लवकर वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुहम्मद आणि धाकटा अहमद या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केले होते. ठेवलेले पैसे संपल्यावर पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून दोघा भावांना मदरशात जावे लागले. पुढे निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी यांच्यासारखे उस्ताद लाभले. सेल्जुक वजीर निजामुल मुल्क यांनी १०९१ मध्ये गझालींना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. त्या काळी यापेक्षा मोठी विद्यापीठीय जागा नव्हती. समोर ३०० विद्यार्थी बसत, दरबारात मान होता, घरी बायकामुले होती, पाठीशी भाऊ होता.

पण आत काही तरी कोसळत होते. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि मिळालेल्या उत्तराने ते हादरले. बगदाद सोडावे असे सकाळी ठरवावे आणि संध्याकाळी तो बेत मोडावा, अशी ओढाताण १०९५ च्या उन्हाळ्यापासून जवळजवळ सहा महिने चालली. शेवटी जिभेने साथ सोडली. आलेल्या विद्यार्थ्यांचे मन राखण्यासाठी एक दिवस तरी शिकवावे म्हणून ते प्रयत्न करीत, पण शब्द फुटत नसे. घास गळ्याखाली उतरेना, खाल्लेले पचेना, अंगातली ताकद गेली. हकीम आले, तपासले आणि हात टेकले. दुखणे मनात सुरू झाले असून तिथूनच शरीरात उतरले आहे, मनावरचा भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असे त्यांचे निदान होते.

नऊशे वर्षांपूर्वीच्या या दुखण्याला आज नैराश्याचे नाव देऊन मोकळे होणे घाईचे ठरेल. पण त्याची लक्षणे आजही अनेक घरांना ओळखीची वाटतील. माणसांचा राबता होता, तरी मनातली गोष्ट समजणारे कोणी नव्हते. त्यांनी बगदाद सोडले तेव्हा लोकांनी नाना तर्क लढवले. इतके मोठे पद मनाच्या अस्वस्थतेपायी कोणी सोडू शकते, हे कोणाला पटेना.

पूर्ण हतबल झाल्यावर त्यांनी अल्लाहपुढे हात पसरले आणि निर्णय सोपा झाला. मुलाबाळांच्या गुजराणीपुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. मदरशातली जागा भाऊ अहमद यांनी सांभाळली. दमिश्कच्या उमय्या मशिदीच्या मिनारावर चढून, दार लावून ते दिवसभर इबादतीत बसत. पुढे जेरुसलेम, हेब्रॉन आणि हज असा प्रवास झाला.

आणि मग त्यांना परत ओढून आणले ते मुलांच्या हाकेने. घरी आल्यावर सारे एकदम सुरळीत झाले नाही. संसाराच्या विवंचना होत्या, मनाला पूर्ण शांतता अधूनमधूनच लाभे. तरी त्यांनी आस सोडली नाही. असे सुमारे दहा वर्षे चालले. याच काळात ‘इह्या उलूमुद्दीन’ हा ४० प्रकरणांचा महाग्रंथ आकाराला आला. रोजाच्या तीन पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. पोटाचा रोजा पहिली, डोळे, कान, जीभ या इंद्रियांचा रोजा दुसरी, आणि मनाचा रोजा सर्वांत वरची. त्याच ग्रंथात एकांतावरही प्रकरण आहे. त्यात एकांताचे फायदे आहेत, तसे तोटेही मोजले आहेत. माणसांत राहिल्यानेच मिळणारी शिकवण, मदत आणि जिव्हाळा एकांतात हातचा जातो, हे त्यांनी बजावले आहे.

११०६ मध्ये निशापूरला ते पुन्हा शिकवू लागले, यावेळी नावासाठी नव्हे. अखेरची वर्षे तूसमध्ये विद्यार्थी आणि सूफी साधकांच्या सहवासात गेली. डिसेंबर ११११ मध्ये त्यांचे निधन झाले.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतला एतेकाफही असाच आहे. माणूस मशिदीच्या कोपऱ्यात एकटा बसतो, पण ईदचा चंद्र दिसला की आपल्या माणसांत परततो. इफ्तारच्या भरल्या दस्तरखानावर कोणी गप्प बसलेला दिसला, घास चिवडताना दिसला, तर त्याचा ईमान कमजोर आहे असे म्हणण्याआधी इमाम गझालींची आठवण ठेवावी. त्याला दुआ द्यावी, गरज पडल्यास डॉक्टरकडे न्यावे, आणि गझालींच्या मुलांसारखी त्याला हाक मारत राहावी.