कॅमेरा मिळेना, तर कोल्हापुरातच बनवला : बाबूराव पेंटर यांची गोष्ट

सध्या लग्नात फोटोग्राफरला पहिली सूचना हीच असते, ‘पोझ नकोत, कॅन्डिड पाहिजे.’ म्हणजे मांडवात जे घडतंय ते तसंच टिपायचं, फोटो खरा वाटला पाहिजे. कोल्हापुरातल्या एका माणसानं हाच हट्ट शंभर वर्षांपूर्वी सिनेमाच्या बाबतीत धरला होता. तेही स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर.

त्यांचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. सगळा महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो.

पडदे रंगवणारा पोरगा

३ जून १८९० ला कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे सुतारकामापासून हस्तिदंतावरच्या कोरीव कामापर्यंत सगळ्यात तरबेज होते. बाबूराव चित्रकला आणि शिल्पकला घरातच शिकले. पुढे आतेमामेभावंडांत शोभेल अशी जोडी जमली ती आनंदराव मेस्त्री यांच्याशी. दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे आणि त्या कामात त्यांचं मोठं नाव झालं.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांनाही सिनेमानं झपाटलं. पण सिनेमा काढायला कॅमेरा लागतो, आणि विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. मग त्यांनी तो स्वतःच बनवायचं ठरवलं. काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव गेले.

बाबूरावांनी मात्र हट्ट सोडला नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन खटपट चालू ठेवली आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला.

पैसे दिले एका गायिकेनं

कॅमेरा झाला, भांडवलाचं काय? कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या. राजर्षी शाहू महाराजांचाही पाठिंबा मिळाला. अशी उभी राहिली महाराष्ट्र फिल्म कंपनी.

१९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये ‘सैरंध्री’ लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक घाबरले आणि तो भाग कापावा लागला. हे काम पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ हा किताब दिला.

हा खरेपणा आला कुठून? आयुष्यभर पडदे रंगवणाऱ्या या माणसानं सिनेमातून रंगवलेले पडदेच काढून टाकले. त्याऐवजी माणसं वावरू शकतील असे भरीव सेट उभे केले. शूटिंगच्या आधी दृश्यांची आणि वेशभूषेची रेखाटनं करून ठेवली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी कृत्रिम प्रकाश वापरला. त्या सिनेमाला एवढी गर्दी झाली की सरकारला करमणूक कर सुचला, असं सांगितलं जातं.

आणि मग ‘सावकारी पाश’

सगळीकडे देवादिकांचे आणि इतिहासाचे सिनेमे चालत होते. अशात १९२५ साली बाबूरावांनी नारायण हरि आपटे यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ काढला. सावकार जमीन गिळतो, शेतकरी देशोधडीला लागतो आणि शहरात मजुरी करतो, एवढीच गोष्ट. शेतकऱ्याच्या भूमिकेत होते तरुण व्ही. शांताराम.

यात ना चमत्कार होता, ना तलवारबाजी. अंधारी झोपडी आणि भुंकणारं कुत्रं हे दृश्य जाणकारांच्या कायम लक्षात राहिलं. पण तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला घरचंच दुःख पडद्यावर बघायचं नव्हतं. सिनेमा चालला नाही आणि कंपनी पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळली.

शिष्य निघून गेले

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले. त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली, जी १९३३ साली पुण्याला गेली. हाताखाली तयार झालेली माणसंच गेल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही.

बाबूराव मात्र कोल्हापुरातच राहिले. चित्रं आणि शिल्पं चालू होतीच. बोलपटांच्या काळात, १९३६ साली, त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला. एकदा न चाललेला विषय त्यांनी सोडला नव्हता. १६ जानेवारी १९५४ ला त्यांचं निधन झालं.

आज ‘सावकारी पाश’चा मूकपट बघायला मिळत नाही, त्याची प्रत हरवली आहे. पण भारतात वास्तववादी सिनेमा कधी सुरू झाला हे सांगताना अभ्यासक याच सिनेमाचं नाव घेतात. कोल्हापुरात खरी कॉर्नरला गेलात तर कॅमेऱ्याचं एक स्मारक दिसेल. हीच ती खूण, इथल्या माणसांनी इथंच बनवलेल्या कॅमेऱ्याची.