जॉन मर्सर

नांदेड व लातूर या भागांतील काळ्या जमिनीत कापूस पिकतो, आणि अंबाडीचा वाख काढून दोर वळणेही तेथील शेतकऱ्यास परिचयाचे आहे. मऊ कापूस आणि राठ वाख दिसण्यात किती भिन्न! परंतु दोहोंचे मुख्य द्रव्य एकच. त्यास सेल्युलोज म्हणतात. तीव्र क्षाराने या तंतूंचे गुण पालटता येतात, हे जगास दाखवून देणारा जॉन मर्सर एका गरीब विणकराचा मुलगा होता.

इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात १७९१ साली त्याचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले आणि नवव्या वर्षी त्याच्या हाती कांड्या भरण्याचे काम आले. कापड छापण्याच्या कारखान्यातील एका सज्जनाने त्यास लेखन, वाचन व गणित शिकविले. पुढे त्यास रंगकामाचा छंद जडला. विवाहाचा परवाना काढण्यासाठी ब्लॅकबर्न गावी गेला असता त्याने रसायनशास्त्राचे एक जुने पुस्तक विकत घेतले. तेच त्याचे गुरू ठरले. स्वाध्यायाच्या बळावर तो एका कारखान्यात रसायनज्ञ झाला व १८२५ साली तेथेच भागीदार बनला.

१८४४ साली तो कॉस्टिक सोड्याचा तीव्र द्राव सुती कापडातून गाळीत होता. पाहतो तो कापड आटून जाड व किंचित पारदर्शक झालेले! दुसऱ्या कोणी ते फेकून दिले असते. मर्सरने ते बारकाईने तपासले. त्याचे तंतू फुगले होते, बळकट झाले होते आणि रंगही अधिक गडद धरीत होते. १८५० साली त्याने या कृतीचे पेटंट घेतले. १८५२ साली रॉयल सोसायटीने त्यास सदस्यत्व दिले. परंतु कापड आटते म्हणून गिरण्यांनी ही कृती स्वीकारली नाही. १८६६ साली मर्सर निवर्तला.

पुढे सुमारे १८९० साली होरेस लो याने कापड ताणून धरून हीच कृती केली. कापड आटले नाही. उलट त्यास रेशमासारखी चमक आली. मग गिरण्यांनी ती उचलली. मर्सरच्या नावावरून तिला मर्सरीकरण म्हणतात.

आज अंबाडी, ताग यांचे तंतूही सोड्याच्या द्रावात भिजवितात. त्यांवरील मेण निघून जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो व कृत्रिम राळ त्यांना घट्ट धरते. अशा तंतूंचे व राळेचे हलके, मजबूत फलक बनतात. फेकून देण्याजोग्या चिंधीकडे मर्सरने जिज्ञासेने पाहिले, त्याचे हे फळ होय.